चार्ज लिस्टमधला एकतिसावा नग

१६ जून १९९७, सोमवार. देवपूर, धुळे

भडगावहून सकाळची एस.टी. वेळेवर सुटली, पारोळ्याला चहा बरा मिळाला आणि साडेदहाला मी धुळ्याच्या स्टँडवर उतरले. एक वळकटी, एक ट्रंक आणि पुस्तकांची पिशवी घेऊन नव्या गावात शिरताना अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला जितका आनंद व्हायला हवा, त्याहून थोडा जास्तच झाला. पांझरेच्या पुलावर मी चक्क गुणगुणत होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, म्हणून थांबले.

नोकरी अशी. लीलाधर नावाच्या गृहस्थाने इथे संगणकाचा वर्ग काढला आहे. त्याची बहीण कन्याशाळेत माझ्या हाताखाली शिकली आणि माझ्या छड्याही तिने खाल्ल्या. तिनेच माझं नाव सुचवलं. शिकवतो तो स्वतः. त्याला हवी होती वेळेवर कुलूप उघडणारी, हजेरी घेणारी आणि चपला बाहेर काढायला लावणारी व्यवस्थापिका. हे मी छत्तीस वर्षं केलं आहे. गेल्या महिन्यात निवृत्त झाले. आई गेल्या वर्षी गेली. नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. आता माझ्यावर कोणाचंही काही अवलंबून नाही. हे वाक्य लिहून पाहिलं. छान दिसतं.

२० जून, शुक्रवार

वर्ग मोतीलाल आबांच्या घराच्या माडीवर भरतो. शेजारची खोली माझी. सहा संगणक, सहांवर झालरीची कापडी झाकणं, दारात चपलांची रांग, कोपऱ्यात कूलर. लीलाधर रोज सकाळी प्रत्येक यंत्राला उदबत्ती ओवाळतो. धुराने यंत्र बिघडेल असं मी सांगितलं. तो म्हणाला, बाई, बिघडलं तर मग देवाला काय सांगू? मी उदबत्ती दारापाशी नेऊन ठेवली. वाद मिटला.

जेवण खाली. आबा ओट्यावर रेडिओ ऐकत बसतात आणि मला हेडमास्तर म्हणून हाक मारतात. घरात त्यांच्या पत्नी मंजुळाबाई, मुलगा सुकदेव, सून कुंदा आणि तिची दोन शाळकरी मुलं. मंजुळाबाईंच्या हाताला चव आहे, पण अंदाज नाही. रोज बरोबर दोन भाकऱ्या उरतात. पाच दिवस पाहिलं, पाचही दिवस दोन. अन्न वाया घालवू नये म्हणून आज बोलले. त्या म्हणाल्या, उरन्यात ते उरन्यात, तुम्ही काय भाकरीस्नी बी हजेरी लेतस का. सून पदरात तोंड घालून हसली. मीही हसले असते, पण पहिल्याच आठवड्यात बरं दिसत नाही.

२४ जून, मंगळवार

दुपारी एक ते चार वर्ग बंद असतो. मुमताज मात्र थांबते. गफूर टेलरची ही मुलगी बी.कॉम. झाली आहे. बारा ऑगस्टला जळगावला संगणकचालकाच्या जागेसाठी तिची परीक्षा आहे. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मालेगावचं स्थळ पक्कं, असं बापाने बजावलं आहे. त्या स्थळाबद्दल ती एवढंच म्हणाली, की बाई, त्याला चार म्हशी आहेत आणि तो त्यांच्याचबद्दल बोलतो. पोरगी हुशार आहे. मी रोज तिची टंकलेखनाची गती घड्याळ लावून तपासते.

आज तिने चार नंबरच्या यंत्रातला खेळ दाखवला. यंत्र विकत घेतलं तेव्हापासून तो आत आहे म्हणे. लीलाधरने त्याच्याच जोरावर बाहेरच्या बोर्डावर दात काढलेला एक सरडा रंगवून घेतला आहे. खेळात डायनासोरांचं उद्यान सांभाळायचं. पडद्यावर उद्यान वरून दिसतं: कुंपणं, चाऱ्याची कोठी, तळं, फाटक, आणि ठिपक्यांएवढी माणसं. जनावरांना खाऊ घालायचं, विजेचं कुंपण तपासायचं, आलेल्या लोकांना शाबूत परत पाठवायचं. जळगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तीन शिंगांच्या जनावराला लांब मान काढलेली नाही हे पाहून बरं वाटलं.

सुरुवातीलाच एक इंग्रजी यादी आली. चार्ज देणार: भाईदास. चार्ज घेणार: रिकामी जागा. खाली मोजणी. शाकाहारी सव्वीस, मांसाहारी चार, इतर एक. एकूण एकतीस. प्रत्येक ओळीपुढे होय किंवा नाही.

मुमताज म्हणाली, सगळ्यांना होय करा आणि पुढे चला. तिला काय ठाऊक. मी एका शाळेत कपाटातला एक नकाशा कमी भरला म्हणून आधीच्या बाईंना तीन आठवडे कार्यमुक्त होऊ दिलं नव्हतं. चार्ज घेताना वस्तू डोळ्यांनी पाहायची, हाताने मोजायची, मग सही. मी मोजले. सव्वीस भरले. चार भरले. इतर म्हणून काही सापडलं नाही. पहिल्या दोन ओळींना होय केलं, तिसरीला नाही. माझं नाव मात्र लिहावं लागलं. त्याशिवाय फाटक उघडेना. खाली अक्षरं आली, चार्ज तात्पुरता, एक नग बाकी. ते मला पटलं. खेळ करणाऱ्याला कचेरीचं काम माहीत आहे.

३ जुलै, गुरुवार

उद्यान उत्तम चाललं आहे. कुंपणाची एक कडी ढिली होती, ती नीट केली. मांसाहारी चौघांना दिवसातून दोनदा बोकड सोडतात. मी वेळ ठरवून दिली. घड्याळातल्या दहा मिनिटांत तिथला एक दिवस उलटतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत अठरा दिवस होतात. लीलाधर कौतुकाने म्हणाला, बाईंनी सरड्यांनाही रांगेत उभं केलं.

खरं सांगायचं तर थोडा शीण होतो. काम अवघड नाही, पण ते संपत नाही. चारा टाकून वळावं तो तळ्याचं पाणी उतरलेलं. पाणी भरावं तो कोठी रिकामी. आईचं असंच होतं. कूस बदलून द्यायची, अंग पुसायचं, पेज भरवायची, तेवढ्यात पुन्हा कूस बदलायची वेळ.

१० जुलै, गुरुवार

दोन दिवस मी चार नंबर मुद्दाम उघडला नाही. मुमताजच्या सराव-परीक्षा घेतल्या. गती वाढली आहे, घाई कमी झालेली नाही.

आज दुपारी वीज गेली. आठवड्यातून तीनदा जाते. कूलर थांबला, पाच यंत्रं थांबली. चार नंबरचा पडदा चालू राहिला. तारेची शेंडी, म्हणजे प्लग, भिंतीतून काढून माझ्या हातात होती, तरी चालू.

दोन दिवस कोणी काही खाल्लेलं नव्हतं. तिथले ते तीनशेच्या आसपास दिवस. एकही जनावर मेलं नव्हतं. सगळी तीस, शाकाहारी, मांसाहारी, लहान, मोठी, कुंपणाला लागून ओळीने उभी होती. उद्यान वरून काढलेलं आहे. जनावरांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. आज तोंडं दिसली. ती माना वर करून माझ्याकडे पाहत होती.

आई पाहायची, तसं. राग नाही. नुसती वाट पाहणं.

मी शेंडी खाली ठेवली आणि चारा टाकायला बसले. वीज यायच्या आत सगळ्यांचं झालं.

१६ जुलै, बुधवार

आज फाटकापाशी एक माणूस दिसला. आलेल्या लोकांपैकी नव्हे. ते ठिपके हलत असतात. हा फाटकाच्या आतल्या बाजूला, गजांना हात लावून उभा. पांढरा सदरा. डाव्या खांद्यावर काळा ठिगळासारखा चौकोन. पडदा जवळून पाहिला तरी तोंड कळत नाही. सुस्काऱ्यासारखं काही ऐकू आलं, कूलर असावा. मुमताजला दाखवला. तीही गंभीर झाली. म्हणाली, बाई, हा पहिले नव्हता.

भाईदास कोण, असं लीलाधरला विचारलं. माझ्याआधी व्यवस्थापक कोण होता, असंही विचारलं. त्याने टेबलाचे खण उघडून पाहिले. म्हणाला, कोणीतरी असणारच, कुलूप तर रोज उघडायचं. मग कोण? त्याला नाव आठवेना. अडीच वर्षं चाललेला वर्ग. हजेरीपटाची जुनी पानं काढली. कर्मचाऱ्यांच्या पहिल्या ओळीत अडीच वर्षं काही नाही, कोरी रेघ, आणि त्या कोऱ्या जागेत टोकाने दाबल्याच्या खुणा. बोट फिरवलं की अक्षरं लागतात. भ. काना. ई.

जेवताना मंजुळाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोन भाईदास, माले बठ्ठं देवपूर मालूम शे, हाऊ कोन. आणि बोलता बोलता दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून शिंकाळ्यात ठेवल्या. कोणासाठी, म्हटलं. त्यांनी फडकं पुन्हा सारखं केलं.

अंगणात एक सायकल आहे. आबा रोज सकाळी ती पुसतात, चाकांत हवा भरतात. कोणी चालवत नाही. सुकदेवला स्कूटर आहे, मुलांचे पाय पोचत नाहीत. कोणाची आहे, विचारलं. आबा म्हणाले, घराची. कॅरियरला एक पांढरा सदरा सुकत होता, धुऊन पिळलेला. डाव्या खांद्यावर काळं ठिगळ.

२२ जुलै, मंगळवार

लीलाधरला सांगून चार नंबर बंद करवला. त्याने खेळ पुसला. मग यंत्र उघडून तारा सोडवल्या आणि ते मोकळं करून कोपऱ्यात ठेवलं. दुपारी दोन नंबरचं झाकण काढलं तर पडद्यावर कुंपण, आणि कुंपणाला लागून तीस तोंडं. म्हणून पुन्हा चार नंबरच जोडला. निदान एका ठिकाणी असू दे.

सकाळी आणखी एक झालं. मी कुलूप उघडून टेबलाशी बसले होते. लीलाधर आला, नमस्कार केला आणि म्हणाला, ताई, प्रवेश घ्यायचा आहे का, कोणत्या मुलासाठी? मी हजेरीपट पुढे केला. मग त्याने जीभ चावली, डोक्याला हात लावला, उकाड्याने काही सुचत नाही म्हणाला.

हजेरीपट पाहिला. माझी जून महिन्यातली सही फिकट झाली आहे. शाई तीच, दौत तीच. मुलांची नावं ठसठशीत.

२८ जुलै, सोमवार

आज भाकऱ्या उरल्या नाहीत. मंजुळाबाईंनी माझं ताट वाढलं नव्हतं. मी पाटावर बसले तेव्हा त्या दचकल्या, पाहुणे आले का म्हणून सुनेकडे पाहिलं. मग ओळखल्यासारखं केलं आणि लगबगीने शिंकाळ्यातल्या दोन काढून वाढल्या.

म्हणजे मी त्याच्या भाकऱ्या खाते आहे. त्याचं नाव कोणाला आठवत नाही, पण त्याच्या भाकऱ्या हातातून होतात. माझ्या झाल्या नाहीत. छत्तीस वर्षांत माझ्यासाठी कोणाच्या हाताला भाकरीची सवय लागली असेल, असं एकही घर डोळ्यांपुढे आलं नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. मोजणी म्हणून लिहिते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

शांतपणे बसून विचार केला. कागदावर मांडला.

भाकऱ्या, सदरा, सायकल याच घरात, म्हणजे भाईदास या घरचा मुलगा. माझ्याआधीचा व्यवस्थापक. उद्यानाचा चार्ज त्याच्याकडे होता आणि उद्यानाने त्याला आत घेतलं. त्याने चार्ज पुढच्याला दिला, ती मी. मग तो सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण मी तिसऱ्या ओळीला नाही केलं. एक नग बाकी. माझ्या काटेकोरपणामुळे तो पाच आठवडे फाटकाला धरून उभा आहे. अर्धा इथे, म्हणून भाकऱ्या उरतात. आणि मी अर्धी तिथे, म्हणून पुसट होते आहे.

मग वाटलं, सोपं आहे. इतर एक म्हणजे तोच असेल, होय करून टाकावं. पण तो चार्ज देणारा. देणारा यादीत नसतो. यादीत राहतं ते घेणाऱ्याने सांभाळायचं. शाकाहारी सव्वीस, मांसाहारी चार.

इतर एक.

म्हणजे घेणारी. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

वर्गात हजेरी घेतली. कोणी उत्तर दिलं नाही. मुलं आपापसांत म्हणत होती, आज बाई उशिरा येणार वाटतं.

मुमताज मात्र ओळखते. तिला बोट धरून काहीतरी लक्षात ठेवावं लागतं आहे असं वाटतं. माझ्याकडे पाहताना कपाळाला आठी पडते. म्हणाली, बाई, तुम्ही फार थकलेल्या दिसता. तो पार्क माझ्याकडे द्या, परीक्षेपर्यंत मी सांभाळते, तुम्ही दोन दिवस झोपा.

थकले आहेच. नऊ आणि छत्तीस मिळवून थकले आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

रविवारी कानबाईचा सण. खाली रोटांची तयारी चालू आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून देवीचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे, भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत. बायकांच्या नावाची मूठ नसते. यावर मी एरवी बोलले असते. आज नुसती भिंतीला टेकून पाहत बसले. मला कोणी बस म्हणालं नाही की ऊठ म्हणालं नाही.

मंजुळाबाईंनी पहिली मूठ आबांच्या नावाने टाकली. दुसरी सुकदेवच्या. मग दोन्ही नातवांच्या. चार मुठी, चार नावं. आणि हात पुन्हा गव्हात गेला. पाचवी मूठ भरून वर आली आणि तोंडातून नाव निघेना. सून म्हणाली, सासूबाई, चारच झाले ना. त्या म्हणाल्या, माले काय मालूम, हातच गया मना. मूठ परत टाकवेना. सुपात टाकवेना. मूठ तशीच धरून त्या बसल्या आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का रडते, हे त्यांना सांगता येईना. आबा ओट्यावरून आत आले, पाहिलं, आणि बाहेर जाऊन सायकल पुसू लागले. संध्याकाळची वेळ, सकाळी एकदा पुसून झालेली.

पाचवी मूठ शेवटी वेगळ्या वाटीत ठेवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी मुमताज चार नंबरसमोर बसली होती. यादी उघडी. चार्ज देणार, माझं नाव. चार्ज घेणार, रिकामं. तिने पुन्हा विचारलं, देऊ का नाव?

मी म्हणाले, मी लिहिते. तिला उठवलं आणि बसले. एम लिहिला. यू लिहिला. एम लिहिला.

किती सोपं होतं. तिचे हात तरणे आहेत. ती हौसेने चारा टाकेल. मालेगावच्या म्हशींपेक्षा काय वाईट, असंही मनात आलं. हे मनात आलं म्हणून इथे लिहिते. लपवायचं नाही.

पुसलं. तिन्ही अक्षरं पुसली. मग तिला खडसावलं की मंगळवारी परीक्षा आहे आणि तू खेळ खेळतेस, लाज वाटत नाही का. ती रडत गेली. परीक्षा होईपर्यंत माडी चढायची नाही, असं बजावलं. दारात वळून तिने पाहिलं तेव्हा कपाळावर आठी नव्हती. कोणी अनोळखी बाई आपल्यावर का ओरडली, असं पाहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

कानबाई बसल्या. खाली गाणी चालू आहेत, ढोल आहे. मला इथे ऐकू येतं, पण पाण्याखालून आल्यासारखं.

पाचव्या मुठीचं पीठ वाटीत तसंच आहे. रोट चारच थापले आहेत.

मी नीट वेणीफणी केली, अंबाडा घातला, पांढरी साडी नेसले. टेबल आवरलं. किल्ल्या खिळ्याला. चार नंबरसमोर बसून तिसऱ्या ओळीपुढे

इतर, एक. समक्ष पाहिले. मोजले. भरले.

होय केलं.

फाटक —

तो बाहेर आला. माडीवर पावलं वाजली. मी दारात उभी होते. तीस-बत्तीसचा असेल, दाढी वाढलेली. त्याने मला पाहिलं. या घरात आता मला पाहणारा तोच एक. मान खाली घालून म्हणाला, माफ करा बाई, मी फार थकलो होतो. मी म्हणाले, खाली जा, तुझी आई पीठ धरून बसली आहे.

खाली कोणी ओरडलं नाही, धावलं नाही. बाजारातून उशिरा परतलेल्याला विचारावं तसं मंजुळाबाई म्हणाल्या, इतला येळ कथा व्हता, भाईदास. मग पाचवा रोट थापल्याचा आवाज आला.

मी चौथ्या पायरीवर बसून ऐकला. बस्स, तेवढं मिळालं.

दिवस २

इथे तारीख नाही. दिवस पायांनी मोजावे लागतात. वही बरोबर आली, पेन्सिल आली.

पडद्यावर जनावरं लहान दिसत होती. वरून पाहत होते ना.

दिवस १४

चारा टाकते. पाणी भरते. कुंपण पाहते. चारा टाकते. ती काही करत नाहीत. अंगावर येत नाहीत. मी आले की माना वळवून पाहतात, गेले की पाहत राहतात. आली असती अंगावर, तर एकदाचं —

दिवस ९०

झोप नाही. झोपेची जागाच नाही. कुठेही बसलं की पाण्याची वेळ होते.

आज एकाची कूस बदलून दिली. त्या लांब मानेच्याची. त्याने आईसारखा सुस्कारा सोडला.

दिवस १६० किंवा ६१

नाव आठवायला वेळ लागला. इंदिराबाई. वहीच्या पहिल्या पानावर होतं. आता तिथे नुसती दाबल्याची खूण. बोट फिरवते.

दिवस ३००च्या पुढे

फाटकाबाहेर आभाळाच्या जागी उजेड आला. चौकोनी. झाकण कोणीतरी काढलं.

मुमताज.

केवढं मोठं तोंड. हसते आहे. हातात पेढ्यांचा पुडा. लीलाधर मागे. ती सांगते आहे, पेपर चांगला गेला, साहेबांनी गती पाहून नाव विचारलं, निकाल लागायच्या आधीच कामावर या म्हणाले. पोरगी वाचली. चार म्हशींतून वाचली. मी गती तपासली होती, घड्याळ लावून. तिला ठाऊक नाही. असो.

ती खाली वाकली. विचारते आहे, ही फाटकाशी कोण बाई, अंबाड्याची, ही पहिले नव्हती.

यादी उघडली. चार्ज देणार, आणि पुढे काहीच नाही, कोरं. चार्ज घेणार. तिचं बोट कळीवर. लीलाधर म्हणतो, सगळ्यांना होय कर आणि पुढे जा.

गजांना हात लावून उभी आहे. आवाज पोचतो. भाईदासचा सुस्कारा मला तेव्हा पोचत होता, आता कळतं. माझी हाक तिला पोचेल. एकदा नीट दरडावलं की ती बोट उचलेल, माझा आवाज तिच्या अंगात भिनलेला आहे. एक शब्द पुरे.

एम.

हाक मारायला हवी. मारतेच आहे. मागे तीसही उभी आहेत, पाण्याची वेळ झाली आहे, एवढं पाणी भरलं की

यू.

मारते. फक्त जरा बसते आधी, पाय —